अरण्यातील एकटे मूल आणि घरची शिदोरी

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घरातील वडीलधाऱ्या मंडळींपुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. तो हा की, मुलांच्या हाती वाचावयास काय द्यावे? ऐतिहासिक कथा, थोरांची चरित्रे, विनोदी गोष्टी यांविषयी सहसा कोणाची तक्रार नसते. परंतु निर्जन बेटावर अगर घोर अरण्यात सापडलेल्या मुलामाणसांच्या साहसकथा मुले ज्या असोशीने वाचतात, ती पाहून पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. असल्या पुस्तकांनी मुले भटकी होतात, असे कोणी म्हणतात; आईबापांवाचून आणि घरावाचून आपले चालते असे मुलांच्या मनात भरते, असे दुसरे कोणी म्हणतात. पहिला आक्षेप किरकोळ आहे. गडावर चढून गेलेला मुलगा संध्याकाळी भूक लागली की घरी येतोच. दुसरा आक्षेप मात्र एकत्र कुटुंबात वाढलेल्या लोकांनी नीट तपासून पाहण्याजोगा आहे. कारण तो खरा असेल तर ही पुस्तके घरात न आणणे हेच शहाणपणाचे ठरेल. आमच्या मते तो खरा नाही. आणि तो का खरा नाही, हे या वाङ्मयाच्या तीनशे वर्षांच्या वाटचालीवरूनच दाखविण्याचा येथे विचार आहे.

वनवासाची कथा आपणांस नवी नाही. प्रभू रामचंद्रांनी चौदा वर्षे वनात काढली, पांडवांनी बारा. तथापि वनपर्व वाचणाऱ्यास पांडवांच्या जेवणाची फारशी काळजी पडत नाही. कारण सूर्यनारायणाने धर्मराजास दिलेली थाळी द्रौपदीचे जेवण होईपर्यंत रिती होत नसे. आम्ही ज्या कथांविषयी लिहीत आहो, त्यांचा आरंभ नेमका येथे होतो. थाळी नाही, आसरा नाही, हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही. आता पुढे काय?

गलबतभर सामग्री

या सर्व पुस्तकांचा मूळपुरुष म्हणजे डॅनियल डीफो याचा ‘रॉबिन्सन क्रूसो’. हे पुस्तक १७१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी काही वर्षे अलेक्झांडर सेल्कर्क नावाचा एक स्कॉच खलाशी आपल्या कप्तानाशी भांडून, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस असलेल्या हुआन फर्नांदेझ द्वीपसमूहातील एका निर्मनुष्य बेटावर उतरला होता, आणि १७०४ पासून १७०९ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, तेथे एकटा राहिला होता. त्याची हकीकत त्या काळी इंग्लंडात गाजली होती, व डीफोच्या कथेमागे ती असावी असे सामान्यतः मानतात. पुढे १९६६ साली चिलीच्या सरकारने त्या बेटास ‘रॉबिन्सन क्रूसो बेट’ असेच नाव दिले. खऱ्या खलाशाचे नाव त्याच समूहातील दुसऱ्या एका बेटाच्या वाट्यास आले. कल्पित माणसाने खऱ्या माणसाचे घर बळकावल्याचे असे उदाहरण विरळाच!

क्रूसो त्या बेटावर अठ्ठावीस वर्षे काढतो खरा, परंतु तो रिकाम्या हाताने गेलेला नसतो. त्याचे फुटलेले गलबत किनाऱ्याजवळच अडकलेले असते. त्यावर दहाबारा फेऱ्या करून तो बिस्किटे, बंदुका, दारूगोळा, सुताराची हत्यारे, शिडाचे कापड, दौत-कागद असे सारे काही उतरवून घेतो. ते गलबत हीच त्याची थाळी. पण मुलांना त्या सामानाच्या यादीहून अधिक गोडी वाटते ती पुढच्या खटाटोपाची. मातीचे भांडे घडविता घडविता क्रूसोच्या नाकी नऊ येतात. कोंबड्यांच्या दाण्याच्या पिशवीतील फोलकटे त्याने झटकली, त्यांतून जवाचे चार अंकुर निघाले. तेवढे दाणे जपून, पुन्हा पुन्हा पेरून, त्यातला घास तोंडात घालण्यास त्याला चौथे वर्ष उजाडावे लागले. भाकरीचा एक तुकडा पानात येण्यापूर्वी किती हातांतून जातो, हे ज्या मुलाला कधी कळले नव्हते, त्याला ते येथे कळते. म्हणूनच रूसो या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १७६२ साली लिहिलेल्या आपल्या ‘एमिल’ या शिक्षणविषयक ग्रंथात, मुलाच्या हाती द्यावयाचे पहिले पुस्तक म्हणून क्रूसोचीच निवड केली.

तथापि हे पुस्तक मुलांच्या हाती देऊन वडिलांनी बाजूस व्हावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. क्रूसोचे गलबत बुडते ते गुलाम आणण्यासाठी आफ्रिकेकडे निघाले असताना. त्याआधी कैदेतून पळून जाताना ज्या झुरी नावाच्या पोराने त्याला साथ दिली, त्यालाच तो एका पोर्तुगीज कप्तानास साठ नाण्यांना विकून मोकळा होतो. आणि फ्रायडे भेटतो तेव्हा त्याचे खरे नाव काय, हे न विचारताच तो त्याचे नवे नाव ठेवतो व स्वतःस ‘धनी’ म्हणावयास शिकवितो. बुद्धिमान मूल या ठिकाणी थबकते व प्रश्न विचारते. त्या प्रश्नास उत्तर देण्यास घरात कोणी तरी असले पाहिजे. परवशतेची दीड-दोन शतके पाहिलेल्या आपल्या घरांत ते उत्तर अवघड जाऊ नये.

चुका शोधण्याचा खेळ

क्रूसोच्या मागोमाग त्याच्या वारसांची रीघच लागली. बर्न येथील योहान डेव्हिड व्हिस या धर्मोपदेशकाने आपल्या चार मुलांसाठी रचलेली गोष्ट त्याच्या एका मुलाने संपादून १८१२ साली प्रसिद्ध केली. हीच ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’. येथे बेटावर सबंध कुटुंब आहे. बाप प्रत्येक झाडापानावर प्रवचन करतो आणि मुले निमूटपणे ऐकतात, इतपत तर ती आपल्याच घरातली वाटतात. परंतु त्या एका बेटावर पेंग्विन, कांगारू आणि सिंह सुखाने नांदतात! दर्यावर्दी असलेल्या कॅप्टन मॅरियटला हा भूगोल सहन झाला नाही, व खरे बेट कसे असते ते दाखविण्यासाठी त्याने १८४१ साली ‘मास्टरमन रेडी’ लिहावयास घेतले.

सर्वांत मौजेची चूक मात्र आर. एम. बॅलंटाइनची. त्याच्या ‘कोरल आयलंड’ या १८५७ च्या कादंबरीतील तीन मुले दक्षिण समुद्रातील बेटावर नारळावर ताव मारतात. आणि हे नारळ झाडावर, इंग्लंडातील दुकानात मिळतात तसे, सोडणावाचूनच लागलेले असतात. ज्या पोराने कोकणात एकदा तरी असोला नारळ सोलण्यासाठी सुळ्यावर हात दुखवून घेतले आहेत, तो हे पान वाचून हसेल. बॅलंटाइनला ही चूक इतकी लागली की, पुढे शक्य तोवर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून लिहावयाचे नाही असा त्याने परिपाठ ठेविला.

ही पुस्तके वाचताना मुलांस अशा चुका शोधण्याची चट लावावी. क्रूसो अंगावरचे कपडे उतरवून पोहत गलबतावर जातो, आणि वर चढताच बिस्किटांनी खिसे भरतो. हे खिसे आले कोठून? विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या १९५४ च्या कादंबरीत अधू दृष्टीच्या मुलाच्या चष्म्याने विस्तव पेटवितात. पण ज्याला लांबचे दिसत नाही त्याच्या चष्म्याचे भिंग अंतर्गोल असते, व ते किरण एकवटण्याऐवजी पसरविते. शाळेतील पदार्थविज्ञानाचा धडा अशा वेळी जो लक्षात राहतो, तो परीक्षेनंतरही विसरत नाही.

या मालिकेत ज्यूल व्हर्नचे ‘गूढ बेट’ आम्हांस विशेष प्रिय आहे. १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत अमेरिकेतील यादवी युद्धाच्या धामधुमीत पाच माणसे विमानफुग्यातून निसटतात व पॅसिफिक महासागरातील एका बेटावर येऊन पडतात. किनाऱ्याशी गलबत नाही, हत्यार नाही. त्यांचा पुढारी एंजिनियर आहे. दोन घड्याळांच्या काचांत पाणी कोंडून तो भिंग करतो आणि विस्तव पेटवितो; मग विटा, मग लोखंड. त्यांतील हर्बर्ट या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. त्यावरून हिशेब चालतो: एका दाण्यास दहा कणसे, कणसास ऐंशी दाणे, म्हणजे पहिल्या पिकास ८००, दुसऱ्यास ६ लाख ४० हजार! गणिताचा कंटाळा असलेली मुलेही हा हिशेब मन लावून करतात.

तथापि येथेही एक गुप्त थाळी आहेच. ऐन अडचणीच्या वेळी कोणी अदृश्य हितकर्ता हत्यारांची पेटी किनाऱ्यावर ठेवतो, औषध आणून देतो. शेवटी उलगडा होतो तेव्हा तो कॅप्टन निमो निघतो. आणि हा निमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या संग्रामात इंग्रजांविरुद्ध लढून सर्वस्व गमावलेला. परक्या बेटावरील परक्या माणसांपुढे थाळी धरणारा हात हिंदी निघावा, हे वाचून आपल्याकडील मुलांस जो आनंद होतो तो सांगावयास नको. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणून भा. रा. भागवत यांनी मराठी मुलांवर मोठे उपकार करून ठेविले आहेत.

थाळी काढून घेतल्यावर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेत, या कथांनी निराळे वळण घेतले. नायक मोठा पुरुष राहिला नाही. बारा-तेरा वर्षांची मुले आणि मुली त्या जागी आली. सामग्री उत्तरोत्तर कमी होत गेली, आणि बेट जिंकण्याची भाषा जाऊन रानाशी जुळवून घेण्याची भाषा आली.

जीन क्रेगहेड जॉर्ज या लेखिकेच्या ‘माय साइड ऑफ द माउंटन’ (१९५९) मध्ये न्यूयॉर्कचा एक मुलगा कॅट्स्किल डोंगरात एका जुन्या वृक्षाच्या ढोलीत हिवाळा काढतो व ससाणा पाळतो. त्याच लेखिकेच्या ‘ज्यूली ऑफ द वुल्व्ह्ज’ (१९७२) मध्ये मियाक्स ही तेरा वर्षांची एस्किमो मुलगी, लहानपणी लादलेल्या लग्नातून सुटून, अलास्काच्या बर्फाळ माळरानावर वाट चुकते. तिला अन्न मिळते ते लांडग्यांच्या कळपाकडून. मान कशी वाकवावी, कान कोठे न्यावेत, हे तासन्‌तास पाहून ती त्यांची बोली शिकते. या पुस्तकातील एकदोन प्रसंग कठोर आहेत. ते जाणत्या मुलामुलींच्याच हाती द्यावे.

गॅरी पॉलसन याचे ‘हॅचेट’ (१९८७) तर या प्रकाराचा कळसच होय. ब्रायन हा तेरा वर्षांचा मुलगा लहान विमानातून एकटाच वडिलांकडे निघालेला आहे. आईबापांचा घटस्फोट झालेला आहे. वाटेत वैमानिकाचे हृदय बंद पडते, व विमान कॅनडातील अरण्यात एका सरोवरात कोसळते. मुलाजवळ उरते ती आईने दिलेली एक हातकुऱ्हाड. रात्री गुहेत शिरलेल्या साळिंदरावर तो ती फेकतो, ती खडकावर आदळते व ठिणग्या उडतात. हीच त्याची चकमक. पण ठिणगी म्हणजे विस्तव नव्हे. वाळले गवत पेटत नाही, काटक्या पेटत नाहीत, खिशातील नोट फाडून घातली तरी पेटत नाही. अखेर भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक तंतू करून त्यांवर फुंकर घातली तेव्हा ज्वाला उठते. ज्या जातीच्या झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, तिचा हा दुसरा उपयोग वाचकांस कौतुकाचा वाटेल. ब्रायन तेथे चोपन्न दिवस काढतो. रडून काही होत नाही, हे त्याला रडून झाल्यावरच कळते, व मग तो उठून कामास लागतो.

एकटे कोण असते?

आता मूळ आक्षेपाकडे वळू. घरावाचून आपले चालते, असे ही पुस्तके शिकवितात काय? ब्रायन पाण्यातील मासा भाल्याने टिपू पाहतो व पुन्हा पुन्हा चुकतो. मग त्याला वर्गात ऐकलेले आठवते की पाण्यात प्रकाशकिरण वाकतो, आणि तो नेम जरा खाली धरतो. धीर सुटतो तेव्हा त्याला आपल्या एका शिक्षकाचे बोलणे आठवते. मियाक्सला लांडग्यांशी बोलता येईल हे सुचते ते बापाने पूर्वी सांगितलेल्या गोष्टीवरून. ढोलीत राहणारा मुलगा घर सोडण्यापूर्वी ग्रंथालयात बसून रानातील वनस्पतींची माहिती मिळवून आलेला आहे. तात्पर्य, मूल अरण्यात एकटे दिसते. पण त्याच्या पाठीशी कोणी तरी बांधून दिलेली शिदोरी असते, आणि अडचणीच्या क्षणी ते तीच सोडते.

प्रत्यक्षातील दोन घटना याची साक्ष देतात. १९६५ साली टोंगा येथील एका वसतिगृहातील सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली व ‘आता’ नावाच्या ओसाड बेटास लागली. पंधरा महिन्यांनी एका ऑस्ट्रेलियन नावाड्यास ती दिसली. गोल्डिंगच्या कादंबरीतील मुले एकमेकांच्या जिवावर उठतात. या मुलांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, पेटविलेला विस्तव विझू दिला नव्हता, व एकाचा पाय मोडला तेव्हा दुसऱ्यांनी तो काटक्या बांधून नीट बसविला होता. दुसरी घटना कोलंबियातील. १ मे २०२३ रोजी ॲमेझॉनच्या अरण्यात एक लहान विमान कोसळले व त्यातील सर्व मोठी माणसे मृत्यू पावली. हुइतोतो जमातीची चार भावंडे वाचली. थोरली मुलगी तेरा वर्षांची आणि धाकटे मूल अकरा महिन्यांचे. विमानातील कसाव्याचे पीठ पुरले तोवर पुरले. पुढे कोणते फळ खावे, कोणते खाऊ नये, हे थोरलीला ठाऊक होते. चाळीस दिवसांनी चौघेही जिवंत सापडली. रानाची ही ओळख त्या मुलांना घरच्यांनी, विशेषतः आजीने, करून दिली होती असे त्यांच्या नातलगांनी सांगितले. एक वर्षही न झालेले मूल तेरा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर चाळीस दिवस अरण्यात तगते, यापुढे कादंबरी फिकी पडते.

हे वाचून एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यास समाधान वाटेल. परंतु तेवढ्यावर थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या वाङ्मयातील एक पुस्तक वडील मंडळींसच प्रश्न विचारते. स्कॉट ओडेल याच्या ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) या कादंबरीतील कराना ही मुलगी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील बेटावर मागे राहते. जमात गलबतात बसून निघाली असता धाकटा भाऊ बेटावरच राहिल्याचे पाहून ती समुद्रात उडी टाकते. आणि थोड्याच दिवसांत रानटी कुत्री त्या भावाला मारतात. आता तिला धनुष्य व भाला पाहिजे. परंतु तिच्या जमातीत स्त्रीने शस्त्र घडविणे निषिद्ध आहे. घडविले तर अरिष्ट कोसळते असे तिने लहानपणापासून ऐकले आहे. वडिलांना शस्त्रे घडविताना तिने पाहिले होते, पण ती विद्या आपली नव्हेच म्हणून निरखली नव्हती. भीत भीत ती निषेध मोडते, चुकत चुकत शिकते, आणि जगते. या कथेस आधार आहे तो सॅन निकोलस बेटावर १८३५ पासून १८५३ पर्यंत अठरा वर्षे एकट्या राहिलेल्या एका खऱ्या स्त्रीचा. तिला मुख्य भूमीवर आणले तेव्हा तिची भाषा समजणारे तेथे कोणी नव्हते. सुमारे सात आठवड्यांत ती वारली.

करानाच्या वडिलांनी तिच्यावर माया केली नाही असे नाही. त्यांनी शिदोरी बांधली, पण अर्धीच बांधली; मुलीला काय लागेल हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. आपल्या घरांकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? मुलाला चूल तर राहोच, चहासाठी गॅस पेटविणेही येत नाही, कारण ते बायकांचे काम. मुलीला पोहता येत नाही, रात्रीच्या वेळी एकटीने दोन गल्ल्या चालून येण्याची सवय नाही, कारण ते पुरुषांचे काम. आजोबांना नक्षत्रे ओळखता येतात, आजीला परसातील प्रत्येक पाल्याचा गुण ठाऊक असतो. परंतु नातवंडांपर्यंत ते पोहोचत नाही. आजच्या मुलाच्या हाती द्रौपदीची थाळी आहेच. बोट लावताच जेवण दारी येते. ती थाळी एखादे दिवशी रिती होईल, तेव्हा कामास येईल असे आपण त्याच्याजवळ काय दिले आहे, हा प्रश्न ही पुस्तके मुलांपेक्षा आपल्यालाच अधिक विचारतात.

यास्तव आमची सूचना अशी आहे की, ही पुस्तके मुलांच्या हाती अवश्य द्यावीत. दहा वर्षांच्या मुलास व्हर्न व व्हिस; बारा-तेराव्या वर्षी ‘हॅचेट’ व कराना; क्रूसो मात्र वडिलांनी सोबत बसून वाचावा. मूल विस्तवाच्या प्रकरणापर्यंत आले की अंगणात अगर गच्चीवर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, त्यास एकदा काडीपेटीने का होईना, पण ओल्या-सुक्या काटक्या निवडून विस्तव पेटवू द्यावा. दोनतीन प्रयत्न फसतील, फसू द्यावेत. आजीने एखाद्या दुपारी परसातील, परस नसल्यास मंडईतील, पालेभाज्यांची ओळख करून द्यावी, आणि ती मुलींइतकीच मुलांसही द्यावी. आजोबांनी मुलींनाही ध्रुवतारा दाखवावा. एवढे झाले तर सुटीचे दिवस वाया गेले असे कोणी म्हणणार नाही, आणि पुस्तक मिटताना मुलाला घर दुरावल्यासारखे न वाटता अधिक जवळ आल्यासारखे वाटेल.